लहरीला डोंगर ओलांडायचा नसतो
वर्गात आणि सभागृहात वायरलेस सादरीकरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेल्ह्याहून मढे घाटाकडे निघालं, की तोरणा मागे पडता पडता मोबाइलवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून विझतात. भोरहून वरंध घाटाच्या रस्त्यानं नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं गेलं तरी तोच अनुभव. त्यामुळे या खोऱ्यांतल्या शिक्षकासमोर वायरलेसचा विषय काढला, की पहिलं वाक्य येतं, “आमच्याकडे रेंज कुठंय?” उलट तालुक्याच्या गावी बैठकीत बसलं, की वेगळंच ऐकू येतं, “एक डोंगल आणा, टीव्हीला लावा, झालं काम.”

ही दोन्ही वाक्यं मनापासून बोललेली असतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिल्यामुळे उपयोगी वस्तू घेतलीच जात नाही. दुसऱ्यामुळे ती घेतली जाते आणि कपाटात पडून राहते. भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) हा डोंगराळ भाग आहे, छोट्या शाळांचा आणि लांबलांबच्या वाड्यांचा. इथं वाया गेलेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी वर्गाच्या वाट्याचा असतो. म्हणून नेहमी कानावर येणारे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : रेंज नाही, म्हणजे वायरलेस चालणार नाही.

वस्तुस्थिती : वायरलेस आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलला रेंज मिळते ती कुठल्या तरी टेकडीवरच्या टॉवरवरून. त्या लहरीला डोंगर आडवा येतो. वर्गातल्या सादरीकरणाच्या लहरीला मात्र मास्तरांच्या हातातल्या फोनपासून समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीपर्यंतच जायचं असतं. वीस-पंचवीस फुटांचा प्रवास. वाटेत तोरणाही नाही आणि राजगडही नाही.

मिराकास्ट ही पद्धत याच तत्त्वावर चालते. वाय-फाय अलायन्स या संस्थेनं ती २०१२ मध्ये आणली. तिच्यात फोन किंवा लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी थेट वाय-फायनं जोडले जातात. राउटर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, इंटरनेटचा एक थेंबही लागत नाही. फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, फोटो, स्लाइड असं सगळं पडद्यावर येतं. विंडोजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि ‘के’ एकत्र दाबलं, की जवळच्या पडद्यांची यादी उघडते.

प्रश्न उरतो तो धडा उतरवून आणण्याचा. ते काम शनिवारी भोरला किंवा नसरापूरला, रेंज असलेल्या ठिकाणी होतं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ज्या दीक्षा ॲपशी जोडलेले आहेत, त्यातलं साहित्य फोनमध्ये उतरवून ठेवता येतं आणि नंतर इंटरनेटशिवाय उघडता येतं. पाणी भरून ठेवावं तसा धडा भरून ठेवायचा.

गैरसमज २ : सगळी वायरलेस साधनं सारखीच; कुठलंही घेतलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : खरेदीतली सर्वांत महागडी चूक इथंच होते. बाजारात ‘वायरलेस’ या एका नावाखाली तीन वेगळ्या जातीच्या वस्तू मिळतात.

पहिली जात मिररिंगची. फोनच्या पडद्यावर जे दिसतं, तेच जसंच्या तसं टीव्हीवर उमटतं. मिराकास्ट या जातीत मोडतं. आयफोन आणि मॅकसाठी एअरप्ले आहे.

दुसरी जात कास्टिंगची. २०१३ मध्ये आलेल्या क्रोमकास्टमुळे हा शब्द घराघरांत गेला. यूट्यूबचा व्हिडिओ कास्ट केला, की फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो. फोन उरतो रिमोटपुरता. यासाठी फोन आणि डोंगल दोघंही एकाच वाय-फायवर असावे लागतात आणि साधन पहिल्यांदा सुरू करताना तरी इंटरनेट लागतंच. शहरात सुरळीत चाललेलं कास्टिंगचं डोंगल गुंजण मावळातल्या वाडीत नेल्यावर मुकं का होतं, याचं उत्तर इथं आहे. साधन बिघडलेलं नसतं, ते त्या जागेसाठी नसतं.

तिसरी जात क्लिकरची, म्हणजे स्लाइड पुढं-मागं करणाऱ्या छोट्या रिमोटची. तो चित्र पाठवतच नाही. लॅपटॉपला लावलेल्या छोट्या यूएसबी रिसीव्हरला तो फक्त ‘पुढचं पान’, ‘मागचं पान’ एवढं सांगतो. संगणकाला तो साधा कीबोर्डच वाटतो. त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. लॅपटॉप प्रोजेक्टरला तारेनंच जोडलेला असेल, पण शिक्षकाला वर्गात फिरायचं असेल, तर एवढा क्लिकर पुरतो. तीन जातींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी रुसणारा हाच.

फोनचीही जात पाहावी लागते. गूगलनं २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून स्वतःच्या फोनमधून मिराकास्ट काढून टाकलं. सॅमसंगनं ते ‘स्मार्ट व्ह्यू’ या नावानं ठेवलं. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये ते कधी ‘वायरलेस डिस्प्ले’, कधी ‘स्क्रीनकास्ट’ म्हणून सापडतं. आयफोनला मिराकास्ट येत नाही. म्हणून ‘बाईंचा फोन लागतो, सरांचा लागत नाही’ हा रोजचा वाद कुणाच्या हुशारीचा नसतो. खरेदीआधी शाळेतले सगळे फोन आणि लॅपटॉप पुढ्यात घ्या, प्रत्येकाला काय येतं ते लिहा, मग दुकानात जा.

गैरसमज ३ : वायरलेस आहे, म्हणजे कुठूनही चालेल.

वस्तुस्थिती : ही साधनं मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतात. २.४ ची लहर लांब जाते आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण ब्लूटूथ, माउस, शेजारचं वाय-फाय यांची गर्दीही त्याच पट्ट्यात असते. ५ ची लहर मोकळी आणि वेगवान असते, पण जाड भिंतीपुढं लवकर थकते. भोर शहरातला संस्थानकाळातला दगडी वाडा असो की स्लॅबची नवी इमारत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चित्र नीट जाईल, असं गृहीत धरू नये. माणसाच्या शरीरात पाणी असतं आणि तेही लहर शोषतं. रिकाम्या सभागृहात सकाळी झकास चाललेली जोडणी दुपारी दोनशे माणसं भरल्यावर अडखळते, ती त्यामुळेही.

सर्वांत दुर्लक्षित अडथळा टीव्हीच्या पाठीमागे असतो. डोंगल थेट एचडीएमआयच्या खाचेत खुपसलं, की ते टीव्हीचा धातूचा पत्रा आणि भिंत यांच्या सापटीत अडकतं. वीतभर लांबीची एचडीएमआय एक्स्टेंशन लावून ते बाहेर काढलं, की अनेकदा तक्रार तिथंच मिटते. विजेचंही तसंच. काही टीव्हींच्या यूएसबी खाचेतून डोंगलला पुरेशी वीज मिळत नाही, मग ते मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतं. त्याला स्वतंत्र चार्जरवरून वीज द्यावी. ती मोबाइलच्या चार्जरइतकीच लागते. पावसाळ्यात इथली वीज वरचेवर जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर भार पडतो तो टीव्हीचा. डोंगलचा भार नगण्य असतो.

गैरसमज ४ : आता तारेची गरज संपली.

वस्तुस्थिती : वायरलेसमध्ये चित्र आधी आवळलं जातं, हवेतून जातं आणि पलीकडे उलगडलं जातं. यात क्षणाचा काही अंश जातो. स्लाइड, नकाशा, जमाखर्चाचा तक्ता यांना त्यानं काही फरक पडत नाही. पण लॅपटॉपवर पेनानं अक्षर गिरवून दाखवायचं असेल, तर हात पुढं आणि रेघ मागं राहते. पहिलीच्या मुलाला ते गोंधळात टाकतं. तिथं तारच बरी.

पंचायत समितीचं सभागृह, केंद्राची शिक्षण परिषद, पतसंस्थेची वार्षिक सभा अशा ठिकाणी पाच जण पाच वेगळे लॅपटॉप घेऊन येतात. कुणाला एचडीएमआय, कुणाला टाइप-सी, कुणाकडे जुना व्हीजीए. अशा जागी वायरलेस खरोखर वेळ वाचवतं, कारण तार एकाकडून दुसऱ्याकडे फिरवावी लागत नाही. तरीही त्याच टेबलाच्या खणात एक तपासलेली एचडीएमआय तार असलीच पाहिजे. आवाजाचाही विचार आधी करावा. चित्राबरोबर आवाजही पडद्याकडे जातो. पडदा म्हणून प्रोजेक्टर असेल, तर आवाज त्याच्या इवल्या स्पीकरमधून येतो आणि मागच्या रांगेला काहीच ऐकू येत नाही.

गैरसमज ५ : या लहरींनी मुलांना अपाय होतो.

वस्तुस्थिती : पालकांची ही काळजी हसण्यावारी नेऊ नये, तिला नीट उत्तर द्यावं. वाय-फायचं साधन साधारणपणे १०० मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी शक्तीनं लहर सोडतं. ४-जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉटपर्यंत जातो आणि तोही कानाला चिकटून. अंतर वाढलं की लहरीची तीव्रता झपाट्यानं घटते. दुप्पट अंतरावर ती चौथाई होते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-बी गटात ठेवलं. त्या निर्णयामागं मुख्यतः कानाला लावून वापरलेल्या फोनविषयीचा मर्यादित पुरावा होता. वाय-फायसारख्या दुबळ्या लहरींनी आरोग्याला अपाय होतो, असा खात्रीचा पुरावा मिळालेला नाही.

वर्गात खरा धोका दिसणाऱ्या उजेडाचा आहे. प्रोजेक्टरच्या झोताकडे मुलांनी रोखून पाहू नये. काही क्लिकरमध्ये लेझर असतो. तो वर्ग-२ चा, म्हणजे १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा आहे ना, हे पाहून घ्यावं आणि तो खेळायला कुणाच्या हाती देऊ नये. शिवाय एलईडी टीव्हीवर लेझरचा ठिपका फिकाच दिसतो. टीव्हीच्या वर्गात लेझरसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा बांबूची काठी घ्यावी.

गैरसमज ६ : आपल्या गावात कोण काय चोरणार?

वस्तुस्थिती : चोर लांबून येण्याची गरजच नसते. मिररिंग चालू असताना फोनवर आलेला संदेश पडद्यावर दिसू शकतो. बँकेचा ओटीपी, घरच्या आजारपणाचा निरोप, एखाद्या पालकाची खासगी तक्रार, सगळं भर सभेत. पडदा जोडण्याआधी फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकणं ही सवय लागली पाहिजे. लॅपटॉप असेल तर विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावं. मग सभेला फक्त स्लाइड दिसते आणि आपली टिपणं आपल्यापुरती राहतात.

दुसरं, जोडताना पिन मागण्याची सोय चालू ठेवावी. नाहीतर बाहेरच्या फोनवरचा व्हिडिओ चालू सभेत पडद्यावर उमटू शकतो. तिसरं, साध्या क्लिकरलाही कुलूप लागतं. २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा संशोधन संस्थेनं ‘माउसजॅक’ नावाची त्रुटी उघड केली. अनेक कंपन्यांच्या बिनतारी माउस-कीबोर्डच्या रिसीव्हरला दुरून खोटे आदेश देता येतात, असं त्यांनी दाखवलं. त्यामुळे काम झालं, की रिसीव्हर काढून ठेवावा. लाभार्थ्यांच्या याद्या आणि खाते क्रमांक असलेल्या संगणकाला तो कायमचा लावून ठेवू नये.

गैरसमज ७ : पडदा आला, म्हणजे शिकवणं सुधारलं.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्या काळात गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब घेतले. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची छोटी शाळा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. या दोन्ही ठिकाणी आधी शिक्षकाला एक अडचण दिसली होती, साधन तिच्या मागून आलं.

आपल्या खोऱ्यांतली अडचण कोणती? द्विशिक्षकी शाळा. चार इयत्ता, दोन शिक्षक, एकेका खोलीत दोन-दोन वर्ग. तार असलेल्या लॅपटॉपनं शिक्षकाला टेबलाशी बांधून ठेवलं, तर तिसरीचा धडा चालू असताना चौथीची मुलं एकटी पडतात. तार सुटली, तर बाई चौथीच्या घोळक्यात मांडी घालून बसतात, तिथल्या मुलाची वही तपासतात आणि तिथूनच तिसरीसाठी पुढचं चित्र लावतात. मुलानं सोडवलेलं गणित वहीतच फोटो काढून पडद्यावर आणता येतं आणि वर्गासमोर उभं राहायला बुजणाऱ्या मुलाचं काम सगळ्यांना दिसतं. बिनतारी साधनाचा इथला मोठा लाभ हाच आहे. चित्र तारेतूनही तितकंच स्वच्छ येतं, पण तारेमुळे शिक्षक मुलांपासून दूर राहतो.

सभेलाही हेच लागू आहे. ग्रामसभेत जमाखर्चाचा तक्ता पडद्यावर आला आणि दारापाशी उभ्या असलेल्या आजींनी ‘तो तिसरा आकडा परत दाखवा’ म्हटल्यावर तो लगेच मोठा करून दाखवता आला, तर साधनाचे पैसे वसूल झाले. त्यासाठी सादर करणाऱ्यानं सभेआधी शेवटच्या रांगेत जाऊन आपली अक्षरं वाचून पाहिलेली असावीत.

साधन घेताना म्हणून एकच परीक्षा घ्या. दुकानातल्या वाय-फायवर ते चालवून पाहू नका. स्वतःचा फोन न्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा, दुकानाचं वाय-फाय जोडू नका आणि फोनमध्ये आधीच उतरवलेला चौथीचा एक धडा समोरच्या टीव्हीवर लावून दाखवा म्हणा. तिथं तो दिसला, तर तोरण्याच्या पायथ्याशीही दिसेल.