जुनं हत्यार पारखताना

घरापुढे जुनं सामान मांडून विकायची रीत आपल्याकडे नाही. चाळीसगावात वापरलेला रंधा, पटाशी, करवत किंवा पाना हवा असेल, तर भंगाराचं दुकानच गाठावं लागतं.

वरवरचा तांबडा गंज पाहून हत्यार टाकू नका. चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवा, घासून धुवा, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा, पोलाद उजळतं. पटाशीच्या सपाट पाठीवर, अगदी धारेजवळ गंजाने खड्डे पाडले असतील तर मात्र ती सोडा, तिला नीट धार येत नाही. लोखंडी रंध्याच्या तळाला सरळ पट्टी लावून उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर तळ वाकडा. पात्याच्या फटीजवळ चीर असेल, तर असा रंधा फुकटही नको. मोडक्या दांड्याची काळजी करू नका, बाभळीचा नवा बसतो. झिजलेली कानसही घेण्याजोगी: चांगला लोहार तिची सुरी घडवतो.

या गावात एक सावधगिरी हवीच. चाळीसगाव रेल्वेचं जंक्शन आहे. धुळ्याचा फाटा १९०० पासूनचा, म्हणून इथल्या भंगारात रेल्वेचं जुनं हत्यारही हाती लागू शकतं. रेल्वेचा शिक्का असलेलं हत्यार कितीही मनात भरलं, तरी लिलावाचा कागद पाहिल्याशिवाय घेऊ नका. चोरीचा संशय असलेली रेल्वेची मालमत्ता बाळगणं हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.