मोटारीचा अँप्लिफायर घरात : आधी हिशेब, मग जोडणी

जुनी मोटार विकताना पुष्कळ लोक तिच्यातला अँप्लिफायर काढून ठेवतात. घरात जुने स्पीकरही पडलेले असतात. दोन्ही जोडले की घरात किंवा दुकानात फुकटात चांगला आवाज मिळेल, असे वाटते. विचार वाईट नाही. पण फुकट मालावरचा खर्च आधी मोजावा, असे आम्हा व्यापाऱ्यांना वाटते. येथे खरा खर्च अँप्लिफायरचा नसून त्याला लागणाऱ्या विजेचा आहे.

घरची वीज २३० व्होल्टची, एसी असते. मोटारीची वीज १२ व्होल्टची, डीसी असते आणि इंजिन चालू असताना ती १४ व्होल्टच्या आसपास जाते. अँप्लिफायर थेट घरच्या प्लगला जोडला तर तो तेथेच जळेल. म्हणून मध्ये पॉवर सप्लाय हवा. तो किती मोठा घ्यावा, हाच मुख्य प्रश्न आहे.

खोक्यावर '१००० वॅट' असे लिहिलेले असते. त्यावर जाऊ नये. अँप्लिफायरच्या अंगावरचा फ्यूज पाहावा. समजा फ्यूज ३० अँपिअरचा आहे. ३० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट. यापेक्षा जास्त वीज तो सतत घेऊच शकत नाही. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एबी क्लासच्या यंत्रात यातली जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते. म्हणजे खरा माल २०० वॅटच्या आसपास. डी क्लासच्या यंत्रात वाया जाणारी वीज बरीच कमी असते. जुना अँप्लिफायर विकत घेणाऱ्यानेही खोके न पाहता फ्यूज पाहावा.

विजेचे तीन मार्ग आहेत.

१) एसएमपीएस : एलईडी पट्ट्या व कॅमेऱ्यांसाठी जाळीच्या पेटीत मिळणारा १२ व्होल्टचा सप्लाय. १२ व्होल्ट, ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. घरातल्या साधारण आवाजाला अँप्लिफायर फ्यूजच्या आकड्यापेक्षा खूपच कमी वीज घेतो, त्यामुळे एवढा सप्लाय पुष्कळ होतो. मात्र त्याच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. त्यावर झाकण आणि अर्थिंग हवेच.

२) कॉम्प्युटरचा जुना सप्लाय : स्वस्त पडतो. लेबलवर १२ व्होल्टच्या तारेची क्षमता वेगळी लिहिलेली असते, ती वाचावी. ढोलकीचा जोरदार ठोका आला की काही सप्लाय स्वतःच बंद पडतात.

३) बॅटरी व चार्जर : वीज गेली तरी आवाज चालू राहतो. पण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ती बंद कपाटात किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नये. मोटारीची बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली तर लवकर खराब होते. त्यापेक्षा इन्व्हर्टरची बॅटरी बरी. बॅटरीशिवाय नुसत्या साध्या चार्जरवर अँप्लिफायर चालवू नये. स्पीकरमधून घूं असा आवाज येतो.

आता जोडणी. अँप्लिफायरवर तीन जागा असतात : १२ व्होल्ट, ग्राउंड आणि रिमोट. पहिल्या दोन जोडूनही यंत्र गप्प बसते, तेव्हा लोक त्याला बिघडलेले समजतात. रिमोटलाही १२ व्होल्ट मिळाल्याशिवाय ते चालू होत नाही. १२ व्होल्टच्या तारेतून एक बारीक तार लहान बटनामार्फत रिमोटला द्यावी.

तार जाड व आखूड हवी. सप्लाय दोन मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन चार मीटर तार होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातो आणि तार तापते. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर हे नुकसान अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते.

घरचे स्पीकर बहुधा ८ ओमचे, मोटारीचे ४ ओमचे असतात. ८ ओमवर आवाजाची ताकद साधारण निम्मी मिळते, पण यंत्राला धोका नाही. ब्रिज पद्धतीने जोडताना मात्र ४ ओमच्या खाली जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. "बाराच व्होल्ट आहेत, शॉक लागत नाही," असे म्हणून लोक बेफिकीर राहतात. शॉक लागत नाही हे खरे, पण आग लागते. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि लोखंड लाल होते. आमच्या कापडाच्या दुकानांत सूत, कागद आणि गठ्ठे असतात. तेथे एक ठिणगी वर्षभराची कमाई नेऊ शकते. म्हणून बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज लावावा, अँप्लिफायर मोकळ्या हवेत ठेवावा, त्यावर कापड टाकू नये आणि दुकान बंद करताना मुख्य बटन बंद करावे.

आता हिशेब. सप्लाय, तार, फ्यूज व कारागिराची मजुरी यांची बेरीज करा. ती घरगुती अँप्लिफायरच्या किमतीजवळ जात असेल तर तोच घ्यावा. चांगला अँप्लिफायर आणि पुरेसा सप्लाय दोन्ही घरात पडून असतील, तरच हा सौदा फायद्याचा आहे.