अंतर तेच, वाट लांब

दोन शहरांमधील अंतर ही भूगोलाची बाब होय, असे शालेय पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाते. हेलसिंकी आणि टोकियो या दोन राजधान्यांमधील विमानप्रवासाचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र या समजुतीस धक्का बसतो. पृथ्वीच्या गोलावर हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. त्याची सर्वांत जवळची वाट सैबेरियावरून जाते आणि सर्व अडचणींचे मूळ तेथेच आहे.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने हा अधिकार काटेकोरपणे बजावला. म्हणूनच १९८३ मध्ये ‘फिनएअर’ने टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाकडून वळसा घेऊन. पुढे शीतयुद्ध ओसरले, सैबेरियाचे आकाश शुल्क भरणाऱ्यांस खुले झाले आणि हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. युरोप व आशिया यांमधील जवळची वाट आपल्या दारावरून जाते, हे ओळखून या कंपनीने आपला व्यवसाय उभारला.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही तसेच प्रत्युत्तर दिले. साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला.

या साडेतीन तासांचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. लांबच्या वाटेसाठी जादा इंधन न्यावे लागते. त्या इंधनाच्या वजनाइतकी माल नेण्याची क्षमता घटते. वैमानिक व कर्मचारी अधिक लागतात आणि तेच विमान आठवड्यात कमी फेऱ्या करू शकते. उलट चिनी कंपन्यांना रशियावरील वाट खुलीच राहिली. त्यामुळे युरोप-आशिया वाहतुकीतील स्पर्धेचे पारडे एका बाजूस झुकले.

भारतालाही हा अनुभव नवा नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

आक्रमणाचा निषेध आवश्यकच होता, याविषयी दुमत नसावे. परंतु निषेधालाही मूल्य असते आणि ते कोणी किती सोसावे, याची चर्चा क्वचितच होते. ‘फिनएअर’चे बहुतांश भागभांडवल फिनिश शासनाचे आहे, तेव्हा तोट्याचा भार अखेर करदात्यावर येतो आणि उरलेला तिकिटाच्या दरातून प्रवाशावर. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या सामान्य माणसाला या निर्णयांत मत नसते, वाटा मात्र असतो. रस्ता बांधावयास दगडमाती लागते. आकाशातील रस्त्यास शेजाऱ्यांचा परस्परविश्वास पुरतो. तो तुटला म्हणजे किती खर्च येतो, याचा हिशेब राज्यकर्त्यांनी जनतेपुढे उघडपणे मांडावयास हवा.