जळगांव : केळीच्या मुलखांतील शहर

अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास निघालेले प्रवासी जळगांव स्थानकावर उतरतात आणि बहुधा लागलीच पुढें जातात. लेणीं तेथून सुमारें ६० किलोमीटरांवर आहेत. कॅलिफोर्नियांतील नापा खोऱ्यांत मात्र केवळ द्राक्षांचे मळे पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक येतात. जळगांवचा मुलूखही असाच एका फळावर पोसला आहे. तें फळ म्हणजे केळें.

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, यावल व रावेर हे केळीचे तालुके लागतात. पावसाळ्याच्या आरंभीं लावतात ती मृगबाग आणि पावसाळा सरतां लावतात ती कांदेबाग. लागणीपासून घड उतरण्यास सुमारें वर्ष लागतें. सावद्याहून हा माल आगगाडीनें दिल्लीकडे जात आला आहे. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्यास भौगोलिक मानांकन मिळालें.

या वैभवाचें मूळ जमिनीच्या पोटांत आहे. डोंगरावरून वाहत आलेलें पावसाचें पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरांत मुरतें व विहिरींस मिळतें. केळीस तर वर्षभर पाणी हवें. मुरतें त्याहून अधिक उपसलें गेल्यानें पाण्याची पातळी खालावली आणि कूपनलिका अधिकाधिक खोल न्याव्या लागल्या. मुळाशीं थेंबथेंब पाणी देणाऱ्या ठिबक सिंचनाचा प्रसार या भागांत झाला. त्याचीं साधनें जळगांवांतच तयार होतात. तथापि केवळ काटकसरीनें झरे भरत नाहींत. पाणी मुरविण्याचीही जोड हवी.

पाहुण्यानें हिवाळ्यांत यावें, वांग्याचें भरीत व कळण्याची भाकरी चाखावी, एखादी बाग हिंडून पाहावी. आणि तेथील विहिरीचें पाणी किती खोल गेलें आहे, हें अवश्य विचारावें.