जीपच्या पुढच्या चाकातला क्रॉस

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. त्यातले लोहखनिज प्रसिद्ध आहे, आणि तिकडच्या कच्च्या वाटांवरची धूळही लालच. त्या भागात जुनी फोर व्हील जीप बाळगणाऱ्या एका शिक्षक मित्राने आम्हाला विचारले, "पुढची चाके जोडून वळलो की कटकट असा आवाज येतो. क्रॉस गेला म्हणतात. तो घरी अंगणात बदलता येईल का?" येईल. पण तो का जातो हे आधी पाहू.

फोर व्हील गाडीच्या पुढच्या चाकाला दोन कामे एकदम करावी लागतात. त्याने इंजिनाच्या जोराने फिरायचे आणि स्टिअरिंगबरोबर वळायचेही. त्यामुळे त्याचा दांडा मध्येच वाकता हवा. जुन्या जीपमध्ये यासाठी दोन काटे आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो. हाच क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या असतात आणि प्रत्येक टोपीत सुईसारख्या बारीक रोलरांची रांग. या सांध्याला रॉबर्ट हूकचे नाव आहे. स्प्रिंगचा नियम सांगणारा तोच हा सतराव्या शतकातला हूक.

या सांध्यात एक खोड आहे. दांडे सरळ रेषेत असताना दोन्ही सारख्याच वेगाने फिरतात. मात्र त्यांच्यात ३० अंशांचा कोन झाला, की एक दांडा मिनिटाला १०० फेरे एकसारखे घेत असला तरी दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ८७ पर्यंत उतरतो आणि दोनदा ११५ पर्यंत चढतो. हे आकडे येतात कोनाच्या कोसाइनमधून : १०० गुणिले ०.८६६ आणि १०० भागिले ०.८६६. कोन १० अंशांचा असेल तर फरक जेमतेम दीड टक्का. म्हणजे सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही आणि पूर्ण वळणावर स्टिअरिंग हाताला धक्के देते. जाड तारेचे दोन काटे आणि सायकलच्या आऱ्याचा क्रॉस करून हे वर्गात दाखवता येते. दांडे ३० अंशांत धरून एक ४५ अंश फिरवला, तर दुसरा सुरुवातीच्या स्थितीप्रमाणे सुमारे ४१ किंवा ४९ अंश फिरतो. ९० अंशांवर दोघे पुन्हा बरोबरीला येतात. मारुती जिप्सीत या जागी गोळ्यांचा सांधा असतो. त्यात ही खोड नाही.

आता झिजेकडे वळू. सुया टोपीत पूर्ण फिरत नाहीत, थोड्या मागेपुढे डुलतात. त्यामुळे ग्रीस पसरत नाही आणि भार त्याच त्या रेषांवर पडतो. त्यात नाला ओलांडताना तापलेला सांधा थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ दिसले तर हेच घडले आहे. धूळ गेली तर ग्रीसची घासणारी लुगदी होते. गंमत अशी, की गंज आणि सूरजागडची लाल धूळ दोन्ही लोखंडाचीच ऑक्साइडे, त्यामुळे नुसत्या रंगावरून ओळख पटत नाही. सांधा उघडा असेल तर टोपी पुसून गाडी थोडी फिरवावी. टोपीच्या कडेला पुन्हा तांबूस कडे उमटले तर तो आतून आलेला गंज. सांधा बंद गोळ्यात असेल तर मात्र कानांवर भिस्त.

कामाला सुरुवात करताना मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅकखाली जाड फळी घ्या आणि गाडी उचलली की धुरा घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. यात तडजोड नाही. चाक, हब आणि ब्रेकची पाटी काढल्यावर दांडा बाहेर सरकतो. पाटी ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

टोप्यांचे लॉक काढा. व्हाइसमध्ये एका बाजूला टोपीहून लहान गोटी आणि दुसऱ्या बाजूला टोपी आत मावेल अशी मोठी गोटी धरून आवळा, टोपी बाहेर येते. हातोडी वापरावी लागलीच तर डोळ्यांवर चष्मा हवा. कठीण पोलादाची कपची उडते.

खरी फसगत होते नवा क्रॉस बसवताना. एखादी सुई घसरून टोपीच्या तळाशी आडवी पडते, टोपी केसभर वर राहते आणि लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी ठोकू नका. टोपी काढून सुया मोजा, ग्रीसने जागी चिकटवा आणि पुन्हा बसवा. चारही लॉक बसल्यावर क्रॉस दोन्ही दिशांना हाताने सहज डुलला पाहिजे. अडत असेल तर काट्याच्या कानावर हलकी थाप द्या.

हबची बेअरिंगे किती आवळायची हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवा. पुस्तिका नसेल तर एवढे काम जाणत्या मिस्त्रीसमोर करा. इथली चूक चाकावर बेतते. शेवटी चाक वर असतानाच हाताने फिरवत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा.

मित्राच्या जीपमधून निघालेला क्रॉस आम्ही रॉकेलने धुतला. त्याच्या दोन टोकांवर सुयांच्या अंतराने बारीक चऱ्या पडल्या होत्या. नखाला लागत होत्या. तो आता त्यांच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात आहे.