पाणी अडलंय कुठं?

कपडे धुऊन झालेत, टब साबणाच्या पाण्यानं भरलेला आहे, पण पाणीही जात नाही आणि कपडेही पिळून निघत नाहीत, असं तुमच्या वॉशिंग मशीननं कधी केलंय का? एका पावसाळ्यात इस्लामपुरात आमच्या घरी हेच झालं. आईच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, बायकोची सकाळची शाळा, आणि धुणं धुवायला घरात कुणी नाही. म्हणजे मी होतो, पण मला कुणी धरत नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं मशीन न बघता फोनवरच निकाल दिला, ‘बोर्ड गेलाय. साडेचार हजार.’

महिनाअखेर होती. म्हटलं, आधी आपणच बघू. प्लग काढला.

आमचं मशीन वरून कपडे टाकायचं. त्याच्या टबाच्या तळाकडून एक बारीक नळी वर एका स्विचपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून पाणी किती आहे ते मशीनला कळतं. पाणी उतरल्याशिवाय ते पिळायला घेत नाही. म्हणून तक्रार ‘पिळत नाही’ अशी असली, तरी दुखणं पुष्कळदा पाणी न जाण्याचं असतं. मोटर बिचारी ठीक असते.

पाण्याचा पाइप हातानं चाचपत निघालो. कुठं मुडपला नव्हता, दबला नव्हता. त्याचं तोंड मात्र बेसिनवर! आदल्या दिवशी मोरी तुंबली म्हणून मीच ते वर टाकलं होतं. आई दारातून बघत होती. तिनं उभा जन्म उसाला पाणी पाजलेलं. म्हणाली, ‘आरं, पाणी कधी चढाला जातंय व्हय?’

आमच्या मशीनला पंप नाही. तळाची झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनानं उताराला लागतं. पाइप मोरीत सोडला, प्लग लावून नुसतं ‘स्पिन’ निवडलं. सगळं पाणी भडाभडा गेलं आणि टब गरगरू लागला. पंपवाल्या मशीनचं मात्र वेगळं. त्याचा पाइप सांगितलेल्या उंचीवरच हवा. फार खाली सोडला, तर भरता भरताच पाणी वाहून जाऊ शकतं. उंची किती ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

हात ओले झालेच होते. पुन्हा प्लग काढला, नळ बंद केला आणि पाणी आत येतं तिथली बारीक जाळीही काढली. पांढराफटक थर! आमच्या वाळवा तालुक्यात क्षारपड जमिनी सगळ्यांना माहीत आहेत, आमच्या बोअरचं पाणीही तसंच जड. जाळी लिंबाच्या रसात भिजवून जुन्या टूथब्रशनं घासली. टब भरायचा वेळ निम्म्यावर आला.

मशीन नाचत असेल तर कपडे एका बाजूला गोळा झालेत का आणि चारही पाय जमिनीला टेकलेत का, एवढं बघावं.

मागचं झाकण मात्र मी उघडलं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. जळका वास आला, हाताला झिणझिण्या आल्या किंवा फ्यूज उडाला, तर मशीनला हात न लावता आधी घरातला मेन स्विच बंद करावा आणि जाणत्या कारागिराला बोलवावं. तो आल्यावर अर्थिंगही तपासून घ्यावं.

आई अजून धुणं लावण्याआधी पाइपचं तोंड बघते, आणि मग माझ्याकडे.