चीनमधून माल आणायचा आहे? आधी चार महिने तिथे राहा

शहागंजपासून सिटी चौकापर्यंत एक फेरी मारली की दिसते, खेळणी, छत्र्या, केसांच्या पिना, नकली दागिने, कुलुपे, इतकेच काय तसबीहचे मणी आणि जानमाजसुद्धा चिनी बनावटीची आहेत. आपल्याकडे हा माल बहुतेक मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून येतो. मुंबईवाला आपला नफा काढतो, दलाल आपला काढतो, ट्रान्सपोर्टवाला आपला. मग छत्रपती संभाजीनगरच्या (म्हणजे आपल्या औरंगाबादच्या) दुकानदाराच्या मनात येते की आपणच का जाऊ नये? चार-पाच जणांनी मिळून एक कंटेनर भरावा, मधला खर्च वाचवावा. विचार चांगला आहे. पण आठ दिवसांची सहल काढून, हॉटेलात उतरून, एजंटाच्या गाडीतून बाजार पाहून जे परत आले, त्यांच्यातले बरेच जण पुन्हा मुंबईच्याच दुकानदाराकडे जाऊ लागले. घरातला एखादा हुशार मुलगा पाठीवर पिशवी टाकून तिकडे गेला, चार-सहा महिने भाड्याच्या खोलीत राहिला, त्यांचेच मात्र काहीतरी जमले. म्हणून आज आम्ही भावाचा आणि मालाचा हिशेब बाजूला ठेवून तिथल्या राहण्याबद्दल लिहीत आहोत.

आपला व्यापारी जातो ते गाव बहुधा यीवू. झेजियांग प्रांतातले, शांघायपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर. गाव म्हणायचे ते जुन्या हिशेबाने. पूर्वी हा गरीब, नापीक जमिनीचा तालुका होता. इथले फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन गूळसाखरेच्या वड्या द्यायचे आणि बदल्यात कोंबडीची पिसे घ्यायचे. पिसांचे झाडू, कुंचे बनायचे आणि उरलेली पिसे शेतात खत म्हणून जायची. आपली बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, त्यातलाच हा प्रकार. माओच्या काळात हा व्यवहार चोरून चाले. १९८२ साली तिथले तालुका पक्ष सचिव श्ये काओहुआ यांनी जबाबदारी अंगावर घेऊन उघड्यावर बाजार भरवायला परवानगी दिली. त्या बाजाराचे पुढे काय झाले हे सांगायला एकच आकडा पुरे. २००२ पासून टप्प्याटप्प्याने उघडलेल्या तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार नगरीत आज सुमारे ७५ हजार गाळे आहेत. एकेका गाळ्यात तीन मिनिटे आणि दिवसाचे आठ तास धरले, तरी सगळा बाजार पाहायला सव्वा वर्षाहून जास्त काळ लागेल. आठ दिवसांत काय पाहणार?

कापडाचे व्यापारी जातात ते त्याच प्रांतातल्या शाओशिंग शहराच्या केछ्याओ भागात. तिथे हजारो भारतीय वर्षानुवर्षे राहिले आहेत.

आता मुसलमान माणसाचा पहिला प्रश्न. खायचे काय? चीनमध्ये साध्या भाजीलाही डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते, त्यामुळे 'फक्त भाजी द्या' म्हणून भागत नाही. पण याचा तोडगा चीनच्याच मुसलमानांनी करून ठेवला आहे. तिथे हुई नावाची मुस्लिम बिरादरी आहे, संख्येने एक कोटीहून अधिक. दिसायला, बोलायला पूर्ण चिनी. अनेकांचे आडनाव 'मा', आणि ते मुहम्मद या नावावरून आले असे मानतात. छिंगहाई, गान्सू या वायव्येकडच्या प्रांतांतील ही मंडळी देशभर पसरली आणि जवळजवळ प्रत्येक शहरात त्यांनी शेवयांची खानावळ काढली. समोरच कणकेचा गोळा हाताने ताणून ताणून बारीक शेवया करतात आणि गोमांसाच्या गरम रश्शात घालून देतात. दारू नाही, डुक्कर नाही. 'छिंगझेन' म्हणजे हलाल, हा शब्द पाठच करावा. पूर्वी अशा दुकानांवर अरबीत 'हलाल' लिहिलेले असे आणि आपला माणूस लांबूनच ओळखत असे. २०१८-१९ पासून बऱ्याच ठिकाणी या अरबी पाट्या उतरवल्या गेल्या. तेव्हा छिंगझेनची दोन चिनी अक्षरे कागदावर लिहून घेऊन खिशात ठेवावी, म्हणजे अडत नाही.

यीवूची मोठी मशीद पाहिली की आपल्या विणकर बांधवांना वेगळेच वाटेल, कारण ती जुन्या रेशीम कारखान्याच्या जागेत उभी राहिली. २००४ साली ती सुरू झाली. जुम्याला तिथे अरब, आफ्रिकी, पाकिस्तानी, हिंदी आणि चिनी मुसलमान एका सफेत उभे राहतात. नमाजानंतर बाहेर ओळखी होतात, खोल्या मिळतात, दुभाषे मिळतात. हे दुभाषे बहुतेक हुई तरुण. निंगशिया, गान्सू, युन्नानकडच्या मदरशांतून अरबी शिकलेली ही मुले, गावी त्या शिक्षणाला बाजारभाव नव्हता. यीवूत अरब व्यापारी आले आणि मदरशातल्या अरबीवर घरे चालू लागली. आपल्याकडे मदरशातून बाहेर पडलेल्या मुलाने काय करायचे यावर नुसत्या सभा होतात. हे उदाहरण त्या सभांत कोणी सांगताना आम्ही ऐकले नाही.

दुभाषा असला तरी भाषा थोडी तरी यावी, कारण दुभाषाही कमिशनवर असतो. आणि इथे आम्हाला एक गंमत सांगायची आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलापेक्षा मराठी बोलणाऱ्याला चिनी उच्चार सोपे जातात. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक चिनी कानाला महत्त्वाचा, तो आपल्या जिभेवर बसलेलाच आहे. 'चार' मधला च वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा, असे दोन्ही च चिनीतही आहेत. चहाला ते 'छा' म्हणतात, म्हणजे पहिला शब्द घरूनच शिकून गेलो. अडचण येते ती सुरांची, आणि आकड्यांत चार आणि दहाची. चार म्हणजे 'स्स', दहा म्हणजे 'श्श'. दक्षिणेकडचे लोक दोन्ही सारखेच उच्चारतात. म्हणून तिथे प्रत्येक सौदा कॅल्क्युलेटरवर होतो, नाहीतर बोटांवर. सहापासून दहापर्यंतचे आकडे एकाच हाताच्या खुणांनी दाखवतात. अंगठा आणि करंगळी उघडली की सहा. आपल्या बैलबाजारात हेडी उपरण्याखाली बोटे धरून सौदा करतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे शिकायला एक दिवस पुरतो. एक मात्र लक्षात ठेवावे. वजनाचा भाव 'चिन' मध्ये सांगतात, आणि एक चिन म्हणजे अर्धा किलो. हा भाव किलोचा समजून घरी फोन करणारे कमी नाहीत.

भाषा शिकून चीनच्या खेड्यात रुजलेला सर्वांत मोठा मराठी माणूस आपल्याच राज्यातल्या सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, जपान्यांशी लढणाऱ्या सैन्याच्या रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकून चिनीतच विद्यार्थ्यांना शिकवले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव इन्हुआ ठेवले, 'इन' म्हणजे हिंद आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. 'यिन्दू', म्हणजे हिंदुस्थान, असे सांगितल्यावर आजही एखादा म्हातारा चिनी 'क तीहुआ' म्हणतो. ते कोटणीसांचेच चिनी नाव. व्यापारात याचा पैशाचा फायदा नाही, पण दुकानदार स्टूल पुढे करतो आणि गरम पाणी देतो. (तिथे पाहुण्याला थंड पाणी देत नाहीत. उन्हाळ्यातही गरमच.)

आता कायदा. यात हलगर्जी चालत नाही. व्यापारासाठी जाणाऱ्याने 'एम' व्हिसा घ्यावा, त्याला चिनी कंपनीचे निमंत्रणपत्र लागते. हॉटेलात उतरल्यास पोलिसांकडे नोंद हॉटेलवालाच करतो. पण मित्राच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत राहिल्यास चोवीस तासांच्या आत स्वतः पोलिसांकडे नोंद करावी लागते. खोली बदलली की पुन्हा नोंद. पासपोर्ट जवळ ठेवावाच लागतो. व्हिसा संपून राहिल्यास दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १० हजार युआन दंड, किंवा कोठडी. लहान गावांतली काही लॉज परदेशी माणसाला पूर्वी सरळ नाही म्हणत. २०२४ मध्ये सरकारने असे नाकारू नका म्हणून बजावले, तरी रात्री उशिरा पोहोचणाऱ्याने आधी विचारून ठेवलेले बरे. पैसे सगळीकडे मोबाइलवरून चालतात. २०२३ पासून परदेशी कार्ड तिथल्या अलीपे, वीचॅटला जोडता येते, ती सोय निघण्यापूर्वीच करावी. व्हॉट्सॲप आणि गुगल तिथल्या इंटरनेटवर बंद आहेत. आपल्या सिमचे रोमिंग असेल तर बहुधा चालतात, पण घरच्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर अम्मी इकडे काळजी करत बसते.

सगळ्यांत जोखमीची गोष्ट उधारीची. यीवूचा दुकानदार ओळखीच्या एजंटाला काही आठवड्यांच्या वायद्यावर माल देतो. कंटेनर निंगबो बंदरातून निघून जातो, पैसे नंतर. याच विश्वासावर बाजार वाढला आणि याच विश्वासाचा काही परदेशी कंपन्यांनी घात केला. डिसेंबर २०११ मध्ये अशीच एक कंपनी बुडवून तिचा मालक पळाला. सापडले ते तिथे काम करणारे दोन मुंबईकर. चिडलेल्या दुकानदारांनी त्यांना डांबून ठेवले, मारहाण केली. त्यांच्या सुटकेसाठी गेलेला भारतीय वकिलातीचा अधिकारी, तोही मधुमेही, कोर्टातच तासन्‌तास अडकून पडला आणि बेशुद्ध झाला. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये भारतीय दूतावासाने यीवूत व्यापारच करू नका असा इशारा दिला होता. व्यापार थांबला नाही, पण धडा राहिला. तिथल्या कायद्याने न मिटलेल्या दिवाणी दाव्यात कोर्ट परदेशी माणसाला देश सोडण्यापासून रोखू शकते. म्हणून कोणाच्या कंपनीत नोकरीला राहणाऱ्या मुलाने खरेदीच्या पावतीवर स्वतःचे नाव आणि सही घालू नये. मालकाने कितीही गोड बोलून सांगितले तरी नाही. तिकडे पाच वर्षे काढून आलेले शहागंजचे एक व्यापारी आम्हाला म्हणाले, "माल तो सब मिल जाता मियाँ, आदमी पहचानने में साल लगते." त्यांनी स्वतः पहिल्या वर्षी एकही कंटेनर भरला नाही. फक्त एका जुन्या व्यापाऱ्याच्या मालाची मोजणी केली, खोक्यांवर खुणा केल्या आणि कोणता गाळेवाला वरच्या थरात चांगला माल ठेवून खाली रद्दी भरतो याची वही केली. ती वही ते अजून कोणाला दाखवत नाहीत.

वेळेचेही भान हवे. चिनी नववर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीत, कामगार गावी जातात आणि कारखाने दोन-तीन आठवडे, कधी महिनाभर बंद राहतात. त्याआधी दिलेली आगाऊ रक्कम तितके दिवस अडकते. आणि दरवाजा कायम उघडा असतो असेही नाही. मार्च २०२० मध्ये चीनने परदेशी लोकांना बंदी केली ती जानेवारी २०२३ पर्यंत पूर्ण उठली नाही. तिकडे खोल्या, गोदामे असलेल्यांचे सामान तिथेच राहिले. भारत-चीन थेट विमाने तर ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. इकडचे नियमही बदलले. खेळण्यांवरचा आयात कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला, आणि २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय खेळणी विकता येत नाहीत. जुन्या हिशेबाने खेळण्यांचा कंटेनर मागवणाऱ्याने आधी कस्टमच्या दलालाकडे बसावे.

राहिले आपले हिमरू विणकर. त्यांच्यातल्या काही जणांनी आम्हाला विचारले की तिकडे आपल्याला काय आहे. यीवूपासून रेल्वेने तासाभराच्या आत हांगचौ येते. तिथे १९९२ पासून राष्ट्रीय रेशीम संग्रहालय आहे, आणि शहरात फीनिक्स मशीद नावाची पुरातन मशीदही आहे. चीनच्या जुन्या नक्षीच्या मागावर एक जण खाली बसून धोटा टाकतो आणि दुसरा वर बसून नक्षीचे दोर ओढतो. आपल्या जाळ्याच्या मागावर हेच काम चालते, हे पाहून आपल्या कारागिराला परके वाटणार नाही. जावे, पाहावे, रेशमाच्या सुताच्या प्रती आणि भाव विचारावेत. पण तिथून केछ्याओच्या कापड बाजारात जाताना हिमरूचा नमुना पिशवीत नेऊ नये. नेलाच तर गाळ्यात ठेवून येऊ नये, आणि फोटो काढू देऊ नये. जी वेल हातमागावर उतरायला आठवडे लागतात, तिचे पॉलिस्टरवरचे छापील थान तिथला कारखाना काही दिवसांत तयार करतो. मग तीच शाल मुंबईमार्गे बीबी का मकबऱ्याबाहेर विकायला येते, आणि गिऱ्हाईक विणकराला विचारते की तुमची एवढी महाग का.